‘असा होता चियापास!’ : एका पक्षिविदाची भ्रमणगाथा

लेखक पंधरा दिवस कोठेतरी जाऊन येतो आणि पुढे सहा महिने त्यावर लिहितो, हा प्रवासवर्णनाचा प्रकार आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मिगेल आल्वारेस देल तोरो यांच्या १९८५ साली निघालेल्या स्पॅनिश ग्रंथात हे प्रमाण नेमके उलटे आहे. दक्षिण मेक्सिकोतील चियापास प्रांतात ते १९४२ साली आले आणि १९९६ साली निवर्तेपर्यंत तेथलेच होऊन राहिले. ग्रंथाचे उपशीर्षक बेचाळीस वर्षांच्या भटकंतीचे आहे. तिची स्थळे तीन : डोंगर, अरण्ये आणि वाटा.

यांतील ‘वाटा’ आम्हांस मोलाच्या वाटतात. पक्षिशास्त्रीय ग्रंथ पक्ष्याचे ठिकाण सांगतो, तेथवरचा चिखल सांगत नाही. याच लेखकाचा १९७१ सालचा ‘चियापासचे पक्षी’ हा ग्रंथ त्या जातीचा आहे. येथे मात्र चालणे हाच विषय आहे. एल त्रिउन्फोच्या मेघारण्यात राहणारा ‘पावोन’ हा टर्कीएवढा पक्षी, त्याच्या माथ्यावर तांबडे शिंग. शास्त्राने त्याचे वर्णन १८४४ सालीच केले होते. पण नामकरण निराळे आणि धुक्यात मान वर करून त्याचा खर्जातील घुमार ऐकणे निराळे.

संग्रहालयासाठी प्राणी पेंढा भरून जतन करणे हे लेखकाचे आरंभीचे काम. असा संग्राहक पुढे संरक्षक होतो, यातच या चरित्राचे नाट्य आहे. (सालिम अली यांचे आत्मचरित्रही १९८५ सालचेच. हैदराबाद संस्थानातील त्यांची पक्षिपाहणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.)

तथापि एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. गेलेल्या अरण्याविषयीची हळहळ न्याय्यच. परंतु ज्या काळाची ही हळहळ, त्याच्या आरंभी चियापासच्या कॉफीमळ्यांवर डोंगरातील आदिवासी उचलीच्या कर्जापायी राबत होते. ‘असा होता’ म्हणताना अरण्य आणि समाज ही दोन्ही एकाच सुरात म्हणता येत नाहीत. पक्ष्यांपुरता हा सूर खरा, माणसांपुरता आम्हांस तो संशयास्पद वाटतो.

शीर्षकातील ‘एरा’ हे क्रियापद अपूर्ण भूतकाळाचे आहे. घडून संपलेली घटना ते सांगत नाही, दीर्घकाळ चालत आलेली स्थिती सांगते. आपल्या ‘होता’मध्ये हा भेद बुजतो. जुन्या मराठीतील ‘असे’ त्याच्या अधिक जवळचे. पण ‘असा असे चियापास’ म्हटले, तर मूळच्या उद्गारचिन्हातील संताप कोठे ठेवावा, हे भाषांतरकारास ठरवावे लागेल.