नाडा ‘न’खाली, सोंदूर ‘स’खाली

मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) असो की दाते-कर्व्यांचा, पीएचडीत मला दोन्ही रोज लागतात. तरी एक आक्षेप आहेच. वर्णक्रमात नाडा ‘न’खाली जातो, सोंदूर ‘स’खाली. पण आपल्या मराठवाड्यात हे दोन्ही दोर एकाच मोटेचे. नाडा भरलेली मोट वर ओढतो, सोंदूर तिची सोंड धरून ठेवतो. मोट वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं. एकाशिवाय दुसरा कळतच नाही.

आणि दोर वळणारा मांग? तो ‘म’खाली, जात म्हणून. कोशांनी शब्द जपले, पण वळणारे हात त्यांच्यापासून तोडले. मोट गेली. वळणाऱ्यांना विचारून, कामानुसार शब्द लावायचे असतील तर आत्ताच. तुमच्याकडे दावं, कासरा, वेसण कोण वळायचं, विचारा ना घरी.