३५ चौरस मीटर आणि एक तिरकी रेघ

केंद्र सरकारने २०१३ साली पूर्वप्राथमिक शिक्षण व बालसंगोपनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात बालवर्गाच्या गुणवत्तेचे किमान निकष दिले आहेत : ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा, तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक मोठे माणूस, रोज तीन-चार तासांचा कार्यक्रम, पाणी, स्वच्छतागृह. यांतला एकही निकष अनाठायी नाही. गळक्या छपराखाली कसले आले शिक्षण! पण याच यादीत आणखी एक ओळ आहे. अभ्यासक्रम ‘मातृभाषा / स्थानिक भाषा’ यांतून चालवावा, अशी. माझी तक्रार त्या दोन शब्दांमधल्या तिरक्या रेघेबद्दल आहे.

साताऱ्याच्या बहुतेक अंगणवाड्यांत ही रेघ जाणवणारही नाही. दोन्ही बाजूंना मराठीच. गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडजवळच्या हेमलकशाला मात्र तसे नाही. या परिसरात माडिया मुलांच्या घरी माडिया बोलतात. ती द्रविड कुळातली, गोंडीची जवळची नातलग. मराठीचे कूळच वेगळे. ‘स्थानिक भाषा’ म्हणजे राज्यभाषा, असा सोयीचा अर्थ कुणी लावला, की मुलांना ज्यातले काही कळत नाही असा वर्गही कागदावर निकषांत बसतो.

डिसेंबर १९७३ मध्ये येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना उपचार करता करता माडिया शिकावी लागली. दुखते कोठे आणि कधीपासून, हे कळल्याशिवाय औषध कसे देणार? मोठा रोगी निदान बोटाने जागा दाखवतो. तीन वर्षांचे मूल नुसते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलांचा वर्ग पाहुण्यांना शिस्तीचा वाटतो.

खोली टेपने मोजता येते, बोलणे मोजता येत नाही, असे यावर सांगितले जाईल. ते खरे नाही. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली अमेरिकेत बालवर्गांसाठी एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात निरीक्षक वर्गात बसून, प्रत्यक्ष काय घडते ते पाहून एक ते सात गुण देतो. ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. सामानसुमानाच्या तिच्या अपेक्षा तिकडच्या आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पाने यांवर बालवाडी चालवली. हेमलकशाच्या जंगलात असल्या साहित्याला काय तोटा?

उचलावी ती पाहण्याची रीत. अर्धा तास कोपऱ्यात बसा. मूल आपणहून किती वेळा बोलले आणि त्यांपैकी किती वेळा त्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळाले, एवढेच टिपा. ‘बस’, ‘गप’, ‘रांगेत या’ ही उत्तरे धरू नका. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. दोघांनी वेगवेगळे टिपून ताडून पाहावे. आपापल्या पहिलीच्या वर्गातही हे करता येईल.

अडचण एकच. तपासायला आलेल्या पर्यवेक्षिकेला माडिया येत नसेल, तर तिला ही मोजणी जमणार नाही. तिच्या शेजारी गावातली एखादी आजी बसवावी लागेल. आजीला लिहिता आले नाही तरी चालेल. प्रत्येक उत्तराला एक चिंचोका बाजूला टाकला की झाले.