हॉकी सेन्स: बर्फावरची एक निसरडी संकल्पना

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की एक तरी शब्द असा भेटतो, जो सगळ्यांना कळतो पण मोजायला गेलं की हातातून सुटतो. आज असाच एक शब्द तपासू: ‘हॉकी सेन्स’. हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आईस हॉकीतला, म्हणजे एनएचएल या लीगमधला. खेळ माहीत नसेल तरी काही अडत नाही. बर्फाचं मैदान, प्रत्येक संघाचे पाच स्केटर आणि एक गोलकीपर, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, जिला ‘पक’ म्हणतात. एवढं पुरे.

हॉकी सेन्सचं ठरलेलं उदाहरण म्हणजे वेन ग्रेट्झकी. तो सर्वांत वेगवान नव्हता, सर्वांत ताकदवानही नव्हता. पण प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या मागे उभा राहून तो असे पास द्यायचा, की त्या जागेला लोक त्याचं ‘ऑफिस’ म्हणू लागले. नियमित हंगामांत त्याच्या नावावर 894 गोल आणि 1963 असिस्ट आहेत. गोल आणि असिस्ट मिळून खेळाडूचे गुण होतात. त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या यारोमिर यागरचे एकूण गुण 1921. म्हणजे ग्रेट्झकीचे सगळे गोल पुसून टाकले, तरी तो पहिलाच राहतो!

आता इथे जरा थांबा. ग्रेट्झकीला इतके गुण का मिळाले? कारण त्याच्याकडे हॉकी सेन्स होता. त्याच्याकडे तो होता हे कशावरून? अहो, गुण बघा ना! झालं, आपण गोल फिरून पुन्हा तिथेच आलो. ज्या परिणामाचं स्पष्टीकरण द्यायचं, तोच परिणाम पुरावा म्हणून पुढे केला. याला चक्राकार व्याख्या म्हणतात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही हेच केलं होतं, वेगळ्या शब्दाबाबत. गाइडनी एकच प्रश्न विचारला होता, “हे नसतं तर काय वेगळं दिसलं असतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा नुसता तर्काचा खेळ नाही. एनएचएलचा ड्राफ्ट होतो तेव्हा बरीच मुलं अठरा वर्षांची असतात. ‘वेग कमी आहे’ असा शेरा मिळालेला मुलगा घड्याळ लावून तो खोटा ठरवू शकतो. ‘सेन्स नाही’ हा शेरा खोटा ठरवायचा कसा? आणि जाणकारांची नजर तरी अचूक असते का? पावेल दात्सुक 1998 च्या ड्राफ्टमध्ये 171व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे बचावातही तरबेज असलेल्या फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याने 2008 ते 2010 अशी सलग तीनदा जिंकली. मागून येऊन समोरच्याची स्टिक अलगद उचलायची आणि पक काढून घ्यायचा, ही त्याची खासियत.

मग आकडेवाल्यांचं म्हणणं येतं: जे नोंदवलं जात नाही, ते सोडून द्या. मला हेही पटत नाही. नोंद कशाची होते ते बघा. एका गोलसाठी जास्तीत जास्त दोन असिस्ट दिले जातात. त्याआधीच्या तिसऱ्या खेळाडूने पक अर्धा सेकंद जास्त धरून बचावपटूला जागेवरून ओढलं असेल, तर त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही. बचावात तर हे अजून अवघड. डेट्रॉईटचा निकलास लिडस्ट्रॉम सात वेळा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला. धडका मारून नव्हे, योग्य जागी उभं राहून, स्टिकने पासची वाट आधीच बंद करून. जो पास दिलाच गेला नाही, त्याची नोंद कोण करणार? ‘कॉर्सी’सारख्या मापाने खेळाडू बर्फावर असताना दोन्ही संघांनी केलेले शॉटचे प्रयत्न मोजता येतात. त्यातून अशा खेळाची सावली दिसते, पण ती पाचही जणांची मिळून असते.

मग वाट कुठली? ती मला बुद्धिबळावरच्या संशोधनात दिसते. चेस आणि सायमन यांनी 1973 मध्ये दाखवलं, की खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद बघून निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा खूप चांगली आठवतो. पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या, तर हा फरक जवळपास नाहीसा होतो. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नसते; त्याला डावांचे आकृतिबंध ओळखीचे असतात. 1980 मध्ये फ्रान अलार्ड आणि सहकाऱ्यांना बास्केटबॉलमध्ये असंच आढळलं. ग्रेट्झकीचीही एक आठवण सांगितली जाते: लहानपणी टीव्हीवर सामना बघताना तो कागदावर मैदान काढून पकचा मार्ग पेन्सिलीने गिरवायचा. लोक ज्याला उपजत म्हणतात, त्यात असा गिरवून गिरवून पक्का झालेला भाग किती असेल?

आता शब्दाला आकार येतो. हॉकी सेन्स म्हणजे खेळातले आकृतिबंध ओळखून पुढची हालचाल आधी हेरणं. आता तपासता येतं: पास सुटण्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि विचारा, पक कुठे जाईल? उत्तर त्या खेळाडूच्या गुणसंख्येवर अवलंबून नाही, त्यामुळे चक्र तुटलं. मर्यादा आहेतच. व्हिडिओ वरच्या कॅमेऱ्यातून दिसतो, तर खेळाडू बर्फाच्या पातळीवरून बघतो, तेही अंगावर कोणी धावून येत असताना. शिवाय ओळखणं वेगळं आणि ते वेळेत करून दाखवणं वेगळं. पण ही मर्यादा निदान लिहून दाखवता येते. ‘त्याच्यात ते आहेच’ या वाक्याची मर्यादा कुठे लिहिणार?

म्हणून माझं मत असं: हॉकी सेन्स हा शब्द फेकून देऊ नका, पण फुकट वापरूही नका. तुमच्या विषयातही असा शब्द असेल: ‘प्रेरणा’, ‘जागरूकता’, ‘गुणवत्ता’. आराखडा जमा करण्याआधी तो एका कागदावर लिहा आणि खाली उत्तर द्या: हे नसतं तर काय वेगळं दिसलं असतं? उत्तर सुचत नसेल, तर प्रश्नावली छापायला टाकू नका.