प्रश्न कुठे गेला? : स्टड्स टर्केल यांची ध्वनिफीत आणि पुस्तक

शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या नभोवाणी केंद्रावर स्टड्स टर्केल १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षे बोलत होते. खरे तर ऐकत होते. शिक्षण वकिलीचे, पण वकिली कधी केली नाही. मॅकार्थी काळात काळ्या यादीत नाव गेल्याने दूरचित्रवाणीची दारे बंद झाली आणि गावचा रेडिओ हेच घर झाले. एवढे चरित्र त्यांच्या चाहत्यांना पाठ असते. माझी अडचण निराळी आहे. ही पुस्तके इतिहास म्हणून वाचायची कशी?

‘डिव्हिजन स्ट्रीट : अमेरिका’ १९६७ साली आले. कल्पना प्रकाशक आंद्रे शिफ्रिन यांची, डोळ्यांपुढे यान मिर्डाल यांचे चिनी खेड्यावरचे पुस्तक. शिकागोतल्या सत्तरेक माणसांची ही मनोगते. डिव्हिजन स्ट्रीट हा शहरातला खराखुरा रस्ता, पण माणसे त्या एकाच रस्त्यावरची नाहीत. टर्केलना त्या नावातला दुभंग हवा होता. अनेकांची नावेही बदललेली आहेत. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाळलेल्या प्रश्नांबद्दल. फितीवर टर्केल मध्येच हसतात, शब्द पुरवतात, समोरच्याला हळूच वळवतात. छापताना त्यांचे बहुतेक प्रश्न जातात आणि माणूस एका दमात, आपणहून बोलल्यासारखा वाटतो. ‘वर्किंग’मधली (१९७४) हॉटेलात वाढणारी बाई घ्या. बशी आवाज न करता ठेवण्याचा तिचा अभिमान मी विसरू शकत नाही. पण ही गोष्ट तिला स्वतःहून आठवली, की कुणी विचारली म्हणून? पुस्तक सांगत नाही. ‘हार्ड टाइम्स’मध्ये (१९७०) हे अधिक बोचते. तिथे मंदीच्या आठवणी तीस-चाळीस वर्षांनी सांगितल्या जातात. मायकेल फ्रिश यांनी त्या पुस्तकाकडे आठवणीच्या घडणीचा पुरावा म्हणून पाहिले. मला ते पटते. पण घडण तपासायची तर विचारणारा दिसायला हवा ना!

टर्केल यांच्या बाजूने एकच गोष्ट सांगतो, आणि ती लहान नाही. एका गरीब वस्तीतल्या बाईने मुलांच्या गलक्यात स्वतःचा आवाज यंत्रावर प्रथमच ऐकला आणि तोंडावर हात ठेवला. आपल्याला असे वाटते हे आपल्यालाच ठाऊक नव्हते, असे ती म्हणाली. हा प्रसंग ते पुन्हा पुन्हा सांगत. ध्वनिमुद्रण यंत्र हाताळताना त्यांची नेहमी धांदल उडे, आणि त्या फजितीने समोरचा माणूस मोकळा होई. प्राध्यापकी पद्धतीला हे जमले नसते.

त्यांच्या हजारो कार्यक्रमांचा साठा शिकागो हिस्ट्री म्युझियमकडे आहे; त्यातले बरेच आता घरबसल्या ऐकता येते. ज्या मनोगताची फीत मिळते ते मी फितीसह वाचतो आणि गाळलेले प्रश्न समासात पेन्सिलीने लिहून ठेवतो. ‘वर्किंग’ची माझी प्रत त्यामुळे बरीच खराब झाली आहे.