मागच्या गल्लीत लावलेली गाडी : मालकीचा आनंद आणि साहित्याचे मौन

साहित्याच्या कार्यक्रमाला जाताना मी माझी गाडी सभागृहाच्या दारात लावत नाही. मागच्या गल्लीत लावतो आणि उरलेले अंतर चालत येतो. गाडी १९९६ सालची, पिंपरीत जुळवलेली मर्सिडीज-बेंझ ई २२०. २०१७ मध्ये मी ती थर्ड ओनर म्हणून घेतली, तेही एखाद्या नव्या मध्यम मोटारीहून कमी किमतीत. तरीही बॉनेटवरची ती तीन टोकांची चांदणी चारचौघांत दिसू नये असे मला वाटत आले आहे. गेल्या वर्षी एका तरुण कवीने मला त्या गल्लीत गाठले आणि सहज विचारले, "सर, ही तुमची?" मी म्हणालो, "हो, म्हणजे जुनी आहे." त्याने मालकी विचारली होती, मी वय सांगितले. हा लेख त्या ‘म्हणजे’विषयी आहे.

सव्वीस वर्षे मी मराठी साहित्य शिकवले. ‘चंगळवाद’ हा शब्द मी वर्गात किती वेळा वापरला असेल याची गणती नाही. कथेतल्या पात्राच्या दारात मोटार आली की त्याचे नैतिक अधःपतन सुरू झाले, असे मुलांना सांगणे सोपे असे आणि बहुतेक वेळा ते त्या कथेपुरते खरेही असे. पण स्वतःच्या दारात मोटार आली तेव्हा माझ्या लक्षात आले, की जे मला वाटत होते त्याला शब्द देणारे काही माझ्या वाचनात नव्हते. हव्यासाचे साहित्य भरपूर होते, गमावण्याचेही होते. हवे ते मिळाले आणि बरे वाटले, एवढी साधी गोष्ट सांगणारे पान मात्र सापडेना. मग मी शोधू लागलो.

एक : दार उघडण्याआधी संपणारे लेख

मोटारीवरच्या समीक्षात्मक लेखनात सर्वांत अधिक चर्चिला गेलेला लेख रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाचा. १९५५ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने डीएस ही गाडी मांडली. फ्रेंचमध्ये ही दोन अक्षरे एकापाठोपाठ म्हटली, की ‘देवी’ असा शब्द ऐकू येतो. १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात बार्थने या श्लेषाचा पुरेपूर उपयोग केला आहे. मध्ययुगात कॅथीड्रलचे जे स्थान होते ते आज मोटारीचे आहे, असे तो म्हणतो. लोक गाडीभोवती जमतात, पत्र्यावरून हात फिरवतात, गाद्या दाबून पाहतात, चाकामागे बसून चालवल्यासारखे करतात. या स्पर्शाबरोबर देवी आकाशातून उतरते आणि मध्यमवर्गीय होते, हा त्याचा निष्कर्ष.

हा लेख मी अनेकदा शिकवला. गाडी घेतल्यावर पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा खटकली. बार्थचा लेख प्रदर्शनाच्या दालनातच संपतो. त्याची माणसे गाडीला हात लावतात, पण ती घरी कोणीच नेत नाही. पावसात ती कशी चालते, तिचा हप्ता कोण भरतो, पाच वर्षांनी मालकाला तिच्याविषयी काय वाटते, हे प्रश्न त्याच्या पद्धतीत बसतच नाहीत. त्याला वस्तूचे चिन्ह वाचायचे आहे आणि वापराने चिन्ह झिजते. मोटारीवरच्या चिकित्सेचा हा आदर्श नमुना मानला गेला आणि मालक तेवढा चिकित्सेबाहेर राहिला.

कथासाहित्यात मालक आहे, पण त्याला शिक्षा आहे. केनेथ ग्रॅहमच्या ‘द विंड इन द विलोज’मधला टोड १९०८ साली मोटारीच्या वेडापायी वीस वर्षांच्या तुरुंगवासापर्यंत पोहोचतो. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’त (१९२५) गॅट्सबीची झगझगीत रोल्स-रॉइस एका गॅरेजवाल्याच्या बायकोचा जीव घेते. त्या वेळी चाकामागे डेझी असते, पण गोळी लागते मालकाला. एक मुलांची गोष्ट आणि एक शोकांतिका, पण हिशेब सारखाच.

जॅनिस जॉप्लिनच्या ‘मर्सिडीज बेंझ’ या गाण्याची कथा तर या विषयाचे सारच आहे. देवाकडे मोटार मागणारी ही उपरोधिक प्रार्थना तिने १ ऑक्टोबर १९७० रोजी वाद्यांशिवाय गायली आणि तीन दिवसांनी ती गेली. लालसेवरची टीका म्हणून ते गाणे गाजले. पण जॉप्लिनकडे स्वतःची पोर्शे होती. साऱ्या अंगावर रंगीबेरंगी चित्रे काढून घेतलेली ती गाडी ती हौसेने चालवत असे. मोटार मागण्याची थट्टा गाण्यात आली, मोटार चालवण्याचा आनंद मात्र दारात उभा राहिला. पुढे १९९५ मध्ये याच कंपनीने ते गाणे आपल्या जाहिरातीत वापरले. साहित्य-कला ज्या आनंदाविषयी गप्प राहतात, त्याची भाषा जाहिरात तयार करते, असे मला इथे म्हणावेसे वाटते.

दोन : मोडकी चालते, उसनी चालते

आपल्याकडे काय दिसते? ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’ (१९५८), सुबोध घोष यांच्या कथेवरचा, हा एका माणसाच्या आणि त्याच्या गाडीच्या प्रेमाचा थोर चित्रपट. टॅक्सीवाला बिमल आपल्या जुनाट शेवरोलेशी, ‘जगद्दल’शी बोलतो, तिच्यावर रुसतो, तिला पाणी पाजतो. शेवटी ती भंगारात जाते. तिचा हॉर्न एका पोराच्या हाती लागलेला पाहून बिमल हसतो. इथे मालकीचा आनंद आहे, पण तो आपल्याला मान्य होतो, कारण गाडी मोडकी आहे. तिच्यावरचे प्रेम म्हणजे दयाच. बिमलची गाडी नवी कोरी असती तर त्याच बोलण्याला आपण वेड म्हणालो असतो की माज, हे स्वतःला विचारून पाहावे.

राजेश मापुसकर यांचा ‘फेरारी की सवारी’ (२०१२) दुसरी सवलत देतो. मुंबईच्या आरटीओतला पारशी कारकून इतका सरळ, की सिग्नल मोडल्यावर स्वतःच पोलिसाला शोधून दंड भरतो. मुलाच्या क्रिकेटसाठी पैसे उभे करायचे म्हणून तो सचिन तेंडुलकरची लाल फेरारी न विचारता नेतो. त्या गाडीत बसण्याचा आनंद चित्रपट मोकळेपणाने दाखवतो, कारण गाडी त्याची नाही आणि ती परत जाणार आहे. गंमत म्हणजे खऱ्या फेरारीच्या नशिबी हा मोकळेपणा नव्हता. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून २००३ मध्ये केवढा वाद झाला होता. उसन्या फेरारीला टाळ्या आणि मालकीच्या फेरारीला खुलासे, अशी आपली वाटणी आहे.

तीन : समाधान कोणी कोणाला शिकवावे?

याचे कारण आपल्या समाधानाच्या संस्कारात आहे, असे मी पूर्वी अभिमानाने म्हटले असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, मिरवू नये. या संस्काराची किंमत मला कळते, माझे घर त्यावरच उभे राहिले. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथन शेजारी ठेवले की त्याची दुसरी बाजू दिसते. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघतो. मुले नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे ठरते, मुलांनी बैल हाकायचे आणि गाडीवानाने शेजारून चालायचे. १९२९ मध्ये चाळीसगावला बॅरिस्टर झालेल्या त्याच माणसाला टांगेवाला नेत नाही. लोकांपैकी ज्याने कधी टांगा हाकला नव्हता तो हाकतो, अपघात होतो आणि बाबासाहेबांचा पाय मोडतो.

या प्रसंगांचा आधार घेऊन मी माझ्या मर्सिडीजचे समर्थन करू पाहत नाही. बसायला जागा मिळणे हा हक्क आहे, मर्सिडीज मिळणे ही चैन. दोन्हींची गल्लत करणे हा त्या आत्मकथनाचा अपमान ठरेल. मला एवढेच म्हणायचे आहे, की वाहनात कोणी कसे बसावे आणि बसून किती खूश व्हावे, याचे नियम आपल्या समाजात कधीच निरागस नव्हते. ‘मिरवणे’ हा शब्द आपण सगळ्यांसाठी सारखा वापरत नाही. वडिलोपार्जित वाड्याला आपण वारसा म्हणतो आणि पहिल्या पिढीने घेतलेल्या मोटारीला प्रदर्शन. मी वर्गात ‘चंगळवाद’ म्हणत होतो तेव्हा समोरच्या बाकांवर घरातली पहिली दुचाकी घेऊन कॉलेजला आलेली मुले बसलेली असत. त्यांनी माझे म्हणणे वहीत उतरवून घेतले. त्यांना काय वाटले ते मी विचारले नाही. या विषयातली माझी खरी चूक ती.

चार : रेघ

मग मालकीच्या आनंदाचे प्रामाणिक लेखन कसे असेल? मला वाटते, ते किमतीपासून किंवा चांदणीपासून सुरू होणार नाही, पाहण्यापासून होईल.

माझे वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९५४ पासून पंधरा वर्षे टाटांचे ट्रक बेंझच्या सहकार्याने तयार होत आणि त्यांच्या तोंडावर ती चांदणी असे. वडिलांच्या लेखी ती श्रीमंतीची खूण नव्हती, इंजिनाच्या भरवशाची होती. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात या मोटारी तयार होऊ लागल्या. त्या सुमारास महामार्गालगत उभी असलेली एक गाडी पाहून त्यांनी स्कूटर थांबवली. हात न लावता ते वाकले आणि मला म्हणाले, "रेघ बघ." बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. आयुष्यभर पत्रे ठोकून सरळ केलेल्या माणसाचे ते कौतुक होते. तशी गाडी आपल्याकडे हवी, असे ते कधी बोलले नाहीत. ते २००९ मध्ये गेले.

आज ती रेघ माझ्या दारात आहे. पहिल्या पावसात तिचा एकुलता एक वायपर काचेच्या कोपऱ्याकडे लांब होऊन, मध्ये आखडून, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचताना मी गाडी बाजूला घेऊन पाहत बसलो होतो. सुट्या भागांचा खर्च, पेट्रोल आणि जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर या आनंदातून वजा करायला हवा. रस्त्यावरची जागा आणि धूर हेही वजा करायला हवेत. मी वजाबाकी केली आहे. तरी बाकी उरते आणि ती लपवण्याइतकी लाजिरवाणी नाही.

आईला पहिल्यांदा गाडीत बसवले तेव्हा तिने विचारले, "ॲव्हरेज किती देते रे?" मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खाली उतरली, पुढे गेली, बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हेच का ते, तुझे वडील म्हणायचे?"

त्या तरुण कवीला मला हे सांगायचे होते. पुढच्या वेळी तो भेटला, तर ‘हो’ म्हणून थांबेन.