सूडकथेतील विस्मरण

बंदिवासातून सुटलेला गुन्हेगार जुन्या साथीदारांवर सूड उगवतो, या कथानकाची खरी अडचण नैतिक आहे. द्यूमाच्या 'मॉन्ते क्रिस्तो'चा (१८४४-४६) नायक निरपराध होता. म्हणून त्याच्या सूडाला न्यायाचा वेष शोभला. साथीदाराचा विश्वासघात होतो तो गुन्ह्यातील वाटेकरी म्हणून. सूड घेताना नेमका तोच वाटा त्याला विसरावा लागतो. ग. दि. माडगूळकरांची कथा असलेल्या, शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाने हे विस्मरण नाकारले. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेल्या या कथेत सहा खुनी कैद्यांसमोर पडीक जमीन आहे आणि स्वतःचे हात आहेत. सूडनायकाचा हिशेबही असाच स्वतःच्या खात्यापासून सुरू व्हावयास हवा. तरच सूडकथा शोकांतिकेच्या जवळ पोहोचेल.