धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा : एक परामर्श

धर्मपीठांचे लेख साहित्यविचाराच्या कक्षेत घेण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. भाविक ते वंदनासाठी वाचतो, विरोधक खंडनासाठी. टीकाकार सहसा त्यांच्या वाटेस जात नाही. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा यास अपवाद ठरावा, असे आम्हांस वाटते. अवघ्या पंधरा परिच्छेदांचा हा लॅटिन लेख ‘दिग्नितातिस हुमाने’ या आरंभीच्या शब्दांनी ओळखला जातो. अखेरच्या मतदानात २३०८ धर्माध्यक्ष त्यास अनुकूल होते, ७० प्रतिकूल.

या लेखाचे मोल कळण्यास मागचा काळ ध्यानी घ्यावयास हवा. कॅथलिक धर्म हाच राज्याचा एकमेव धर्म असणे यापुढे इष्ट नाही, हे मत पोप नववे पायस यांनी १८६४ साली भ्रामक मतांच्या यादीत घातले होते. असत्याला अधिकार कसला, हा त्या पक्षाचा रोकडा सवाल. पुढे अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांनी वेगळी मांडणी करताच त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना या विषयावर लेखणी आवरावयास लावली. आणि त्याच मरे यांचा या जाहीरनाम्याच्या घडणीत मोठा वाटा होता.

त्या जुन्या सवालास जाहीरनाम्याने दिलेले उत्तर हेच त्याचे मर्म होय. अधिकार मतांस नसतो, माणसास असतो. सत्याचा शोध हे प्रत्येकाचे कर्तव्य खरे. परंतु तो शोध मनाच्या मोकळेपणावाचून घडत नाही, म्हणून राज्याने वा समाजाने कोणावर श्रद्धा लादू नये आणि कोणाच्या श्रद्धेस अटकावही करू नये. येथवरचा विचार सौम्य आहे. परंतु दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी लेखक एक धीट पाऊल टाकतो: जो सत्यशोधाचे कर्तव्य पाळीत नाही, त्याचाही हा अधिकार अबाधित राहतो, सार्वजनिक सुव्यवस्था तेवढी बिघडता कामा नये. स्वतःच्या अनुयायांसाठी स्वातंत्र्य मागणे सोपे असते. आपल्या मते चुकलेल्या मनुष्याचे स्वातंत्र्य मान्य करण्यातच लेखनाची आणि श्रद्धेचीही परीक्षा असते, व त्या परीक्षेस हा परिच्छेद उतरला आहे.

सातव्या-आठव्या परिच्छेदांत स्वातंत्र्यास जबाबदारीची जोड मिळते. इतरांचे अधिकार, इतरांविषयीची कर्तव्ये आणि सर्वांचे हित यांचे भान ठेवून हा अधिकार वापरावयाचा आहे. आणि येथे लेखक शिक्षकांकडे वळतो. कायद्याचा मान राखणारी, पण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारी माणसे घडवावीत, ही विनंती तो विशेषतः शिक्षण देणाऱ्यांस करतो. आज्ञाधारकपणा आणि विचारस्वातंत्र्य एकाच वर्गात कसे नांदवावे, हा पेच रोज सोडविणाऱ्या आमच्यासारख्यांस तो परिच्छेद परका वाटत नाही.

परंतु गुणांबरोबर उणेही सांगितलेच पाहिजे. बाराव्या परिच्छेदात अशी कबुली आहे की, ख्रिस्तानुयायांच्या इतिहासात शुभवर्तमानाच्या वृत्तीशी विसंगत, किंबहुना विरुद्ध असे वर्तन कधी कधी घडले. कबुली प्रामाणिक आहे, परंतु ती एका वाक्यात उरकली आहे. तीत ना स्थळ, ना काळ. गोमंतकीय वाचकास हे वाक्य फार तोकडे वाटते. १५६० साली येथे आलेले धर्मन्यायालय, १७७४ ते १७७८ हा खंड वगळता, १८१२ पर्यंत टिकले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, ती यात्रेस नव्हे. याच भूमीत १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले. मन वळविणारी ओवी आणि मन दडपणारा हुकूम एकाच काळी, एकाच धर्माच्या नावाने येथे वावरले. ओवीचा मार्ग खरा, हुकमाचा खोटा, असे स्पष्ट सांगण्याची संधी जाहीरनाम्याने दवडली.

ती उणीव पुढे काही अंशी भरून निघाली. परिषदेत क्राकोचे आर्चबिशप म्हणून या चर्चेत भाग घेणारे कारोल वोइतिवा पुढे पोप दुसरे जॉन पॉल झाले, आणि १२ मार्च २००० रोजी सत्याच्या सेवेत असहिष्णुतेचे मार्ग वापरल्याबद्दल त्यांनी जाहीरपणे ईश्वराची क्षमा मागितली. मात्र एखाद्या धर्मास राज्याने विशेष मान्यता देण्याची वाट सहाव्या परिच्छेदाने खुली ठेवली आहे. इतरांचे अधिकार राखावेत एवढीच अट. आपल्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम १९५० सालीच अंमलात आले. सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत ते सर्व व्यक्तींस समान स्वातंत्र्य देते. त्या कसोटीवर जाहीरनाम्याचे हे कलम आम्हांस कच्चे वाटते.

तरीही हा लेख आम्ही आमच्या शिक्षकबंधूंच्या हाती आग्रहाने ठेवू. कायदा स्वातंत्र्याची हद्द आखतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान का राखावा, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेतूनच शोधावे लागते. एका प्राचीन धर्मसंस्थेने तो शोध स्वतःच्या जुन्या मतास मुरड घालून केला. आपापल्या परंपरेत तसा शोध घेण्याचे धैर्य आपण विद्यार्थ्यांस देतो काय, हे प्रत्येकाने आपल्या वर्गात उभे राहून स्वतःस विचारावे.